जन्माचे घट्टे



पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘कामगारांचे प्रश्न’ असा विषय छापला आहे. त्यावरून उचल, मजुरीचे दर, संप असे काहीतरी ऐकावयास मिळेल या अपेक्षेने काही मंडळी आली असतील. त्यांची आधीच क्षमा मागतो. आज आम्ही कातडीविषयी बोलणार आहोत. तीही सगळ्या अंगाची नव्हे, फक्त तळहाताची आणि तळपायाची. हा विषय वास्तविक डॉक्टरांचा. आम्ही सातवीनंतर पाटी ठेवली आणि बापाबरोबर उसाच्या फडात गेलो. पुढे जे काही अक्षरज्ञान वाढले ते वाचनालयाच्या कृपेने, आणि वैद्यकातले जे चार शब्द समजतात ते दोन-तीन भल्या डॉक्टरांच्या कृपेने. सभेत डॉक्टरमंडळी बसलेली दिसतात. आमचे काही चुकले तर त्यांनी नंतर खुशाल कान धरावा.

कपिलधार आपणा सर्वांच्या पायाखालची आहे. मांजरसुंब्याजवळ डोंगराच्या कुशीत मन्मथस्वामींची समाधी, पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी ती धार, आणि कार्तिक पौर्णिमेला मराठवाड्यातून, शेजारच्या कर्नाटकातून व तेलंगणातून चालत येणाऱ्या दिंड्या. आम्हीही त्या यात्रेला जातो. भक्तीने जातो असे म्हटले तर ते खोटे ठरेल. आमचा त्यात स्वार्थ असतो. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघण्याचे दिवस साधारण तेच. एरवी दहा वाड्या-तांडे हिंडून जी माणसे भेटावयाची ती यात्रेत एका जागी भेटतात.

चार वर्षांपूर्वीच्या यात्रेत पाण्याच्या कडेला एक चाळिशीचा गडी पाय सोडून बसला होता. शेजारी आठ-नऊ वर्षांचे पोर. यात्रेत पाय ठेवावयास जागा नसते, पण या दोघांच्या भोवती चार हात जागा मोकळी होती. गर्दीत अशी मोकळी जागा दिसली की आम्हास संशय येतो. तेथे कोणीतरी कोणाला तरी वाळीत टाकलेले असते. जवळ गेलो. गड्याचे तळपाय पिवळट, मेणाची लादी बसवावी तसे जाड. पाण्यात भिजून त्याच्या कडा पांढऱ्याफटक पडलेल्या. टाचेवर आडव्यातिडव्या भेगा, आणि भेगांच्या तळाशी लाल मांस. जाड कातडी जेथे संपते तेथे पावलाच्या कडेने रेघ ओढल्यासारखी तांबूस किनार. हातांचेही तेच. आणि पोराने मूठ उघडली तेव्हा त्याच्या तळहातावर बापाच्याच हाताची लहान प्रत होती.

आमच्या मागून एका बाईने आपले लेकरू ओढून घेतले. हळू आवाजात, पण ऐकू जाईल इतक्याच हळू, ती म्हणाली, “महारोग हाय त्यो.”

गड्याने ते ऐकले होते. मान वर न करता तो आम्हास म्हणाला, “जल्मापसून हाय, भाऊ. बापाचं बी असंच व्हतं. आता ह्या पोराचं.” पोरासाठी नवस बोलून तो अनवाणी चालत आला होता. यात्रेत हात पाहणारा एक ज्योतिषी बसला होता, त्याच्यापुढेही त्याने हात धरला होता. रेषाच दिसत नाहीत म्हणून ज्योतिष्याने पैसे परत केले. पैसे परत करणारा ज्योतिषी तोवर आमच्या ऐकिवात नव्हता.

“ह्याला काय म्हणत्यात?” त्याने विचारले.

आम्हास उत्तर ठाऊक होते. पण ते ठाऊक होण्यासाठी दुसऱ्याच एका माणसाला किंमत मोजावी लागली होती, आणि ती आमच्यामुळे. ती हकीकत आधी सांगितली पाहिजे.

वीसएक वर्षांपूर्वी आम्ही एका शहरात हमालांचे व गोदाम-कामगारांचे काम पाहत होतो. एका गोदामात सिमेंटच्या गोण्या वाहणारा एक कामगार आमच्याकडे आला. हाताची कातडी दगडासारखी, बोटे पुरती मिटत नाहीत, भेगांतून रक्त. सिमेंटने हाताची कातडी खराब होते हे आम्ही वाचले होते. ते खरेही आहे. आम्ही तेवढ्यावर दावा उभा केला. कामामुळे जडलेल्या रोगांना भरपाई मिळावी अशी तरतूद १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात होती, परिशिष्टात अशा रोगांची यादी होती. ते कलम आम्हास पाठ होते. पाठ असलेल्या कलमाचा मोह मोठा वाईट.

तो कामगार आम्हास एकदा म्हणाला होता, “दादा, माझ्या आईचे हात असेच होते.” आम्ही त्यास काय सांगितले? आम्ही सांगितले की, हे तेथे बोलू नकोस.

सुनावणीच्या दिवशी मालकाच्या बाजूचे डॉक्टर आले. त्यांनी हात पाहिले, आणि म्हणाले, “पायातले काढा.” पायही तसेच होते. सिमेंट वाहणाऱ्याचे तळपाय बुटात राहून हातांइतकेच जाड कसे झाले? डॉक्टरांनी विचारले, कधीपासून आहे? त्याने आमच्याकडे पाहिले. मग खरे तेच बोलला : कळते तेव्हापासून. दावा तेथेच संपला. बाहेर आल्यावर आम्ही मालकाच्या डॉक्टरांवर पुष्कळ तोंडसुख घेतले. रात्री घरी बसलो तेव्हा मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. सिमेंटने रोग दिला नव्हता, पण सिमेंटने रोगाचे हाल वाढविले होते. हलके काम, हातमोजे, मऊ तळाचे बूट, एवढे मागितले असते तर बहुधा मिळाले असते. आम्ही खोट्या कारणावर सगळे मागितले, आणि खऱ्या कारणावर जे मिळाले असते तेही घालविले. लबाडी केली असा शिक्का बसून त्या माणसाची नोकरी गेली. मालकाचा डॉक्टर खरे बोलत होता आणि कामगारांचा पुढारी माणसाला खरे दडपावयास शिकवीत होता. हे आम्ही आजवर कोणत्याही सभेत सांगितले नव्हते.

त्यानंतर आम्ही हा रोग समजून घ्यावयास लागलो.

कष्टाने पडणारा घट्टा आपणा सर्वांना परिचित आहे. कोयत्याची मूठ जेथे रुतते तेथे तो पडतो. लोहाराचा घट्टा निराळ्या जागी, धुणे धुणारणीचा निराळ्या जागी. काम सुटले की काही महिन्यांत तो विरघळतो. आम्ही फड सोडला त्याला तीस वर्षांवर झाली. आमचे हात आता कारकुनासारखे मऊ आहेत, आणि जुने सोबती त्यावरून आमची थट्टा करतात. जन्माच्या घट्ट्याचे तसे नाही. दोन्ही तळहात, दोन्ही तळपाय, बहुधा सारखेच, बाळपणीच सुरुवात, आणि वाढही ठरलेल्या सीमेपर्यंत. काहींच्यात सबंध तळ जाड होतो, काहींच्यात जेथे भार पडतो तेथे चकंदळे किंवा पट्टे उठतात.

कारण काय? आपली कातडी म्हणजे पेशींचे थर. खालच्या थरात पेशी जन्मतात, वर सरकतात, मरतात, आणि शेवटी कोंड्यासारख्या झडून जातात. पेशी फाटू नये म्हणून तिच्या आत केरॅटिन नावाच्या द्रव्याचे बारीक धागे असतात. आपली नखे आणि केस त्याच जातीच्या द्रव्याचे. या केरॅटिनचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी नवव्या क्रमांकाचे केरॅटिन शरीरात जवळजवळ फक्त तळहाती आणि तळपायी तयार होते. चालणे, धरणे, ओढणे यांचा मार तेथेच बसतो, म्हणून निसर्गाने तेथे जादा वीण घातली. ती वीण घालण्याचा हुकूम ज्या जनुकात लिहिलेला असतो त्यात एखादे अक्षर चुकले की धागे कच्चे निघतात, पेशी आतल्या आत फुटतात, आणि कातडी आपला बचाव म्हणून थरावर थर रचीत सुटते. जाडी हा त्या दुबळेपणावरचा उपाय आहे, आणि तोच उपाय रोग होऊन बसतो. संघटनेतही असे पुष्कळदा होते, पण तो विषय आजचा नाही.

हे जनुक सापडले १९९४ साली. रोग मात्र शंभर वर्षे आधीपासून डॉक्टरांच्या नोंदीत आहे. जर्मनीत थॉस्ट नावाच्या डॉक्टराने १८८० साली आणि उन्ना नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने १८८३ साली अशा कुटुंबांची वर्णने लिहिली. १९०१ साली फ्योर्नर याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून यातला एक प्रकार वेगळा काढला. पुढे १९९२ च्या सुमारास थॉस्टने पाहिलेल्या घराण्याचे वंशज पुन्हा तपासले गेले. त्यांचे हात तसेच होते, आणि त्यांचा रोगही फ्योर्नरच्याच प्रकारचा निघाला. शंभर वर्षांत दोन महायुद्धे झाली, राज्ये गेली आली; त्या घराण्यातले ते एक चुकलेले अक्षर मात्र बापाकडून लेकीकडे, लेकीकडून नातवाकडे बिनबोभाट चालत राहिले.

हा एकच रोग आहे असे मात्र समजू नये. ही एक मोठी भाऊबंदकी आहे, आणि तिच्यातले काही भाऊ साधे, काही घातकी आहेत. एड्रियाटिक समुद्रात म्लेत नावाचे बेट आहे, जुने नाव मेलेदा. तेथील लोकांत असा एक प्रकार आहे की कातडी तळहातापुरती न थांबता मनगटावर, पावलाच्या वरच्या अंगावर चढते. स्टुली नावाच्या डॉक्टराने १८२६ साली त्याची नोंद केली. त्याचे जनुक २००१ साली सापडले. दुसरा एक प्रकार १९२४ साली दोन फ्रेंच डॉक्टरांनी, पापियों आणि लफेव्र यांनी, वर्णिला. त्यात हातापायांच्या कातडीबरोबर हिरड्या सडतात. दुधाचे दात पडतात, आणि पुढे पक्के दातही ऐन पोरवयात गळतात. काही कुटुंबांत बहिरेपणा बरोबर येतो. इंग्लंडात लिव्हरपूलच्या काही घराण्यांत अशा हातांबरोबर अन्ननलिकेचा कर्करोग चालत आलेला आहे, हे १९५८ साली प्रसिद्ध झाले.

आणि ग्रीसमधील नॅक्सोस बेट. तेथल्या डॉक्टरांनी १९८६ साली लिहिले की काही मुलांचे केस जन्मतः लोकरीसारखे कुरळे असतात, पहिल्या वर्षी मूल रांगू लागले, हातापायांवर भार टाकू लागले की तळवे जाड होतात, आणि वयात येता येता हृदयाचा स्नायू बिघडतो. धडधाकट दिसणारे पोर खेळता खेळता कोसळते. कातडीच्या पेशी एकमेकींस जोडून ठेवणारे जे द्रव्य, तेच हृदयाच्या पेशींनाही जोडते. ते कच्चे निघाले की दोन्ही ठिकाणचे सांधे निखळतात. म्हणून डॉक्टरमंडळींना आमची एक विनंती असते. असे हात घेऊन कोणी आला तर मलम लिहून देण्याआधी त्याचे केस पाहावे, दात पाहावे, त्याला नीट ऐकू येते का पाहावे, आणि घरात कोणी तरणेताठे एकाएकी गेले होते काय हे विचारावे. हा प्रश्न विचारावयास पैसे पडत नाहीत.

मोठेपणी, चाळिशी-पन्नाशीत, प्रथमच तळवे जाड होऊ लागले तर मात्र हा जन्माचा रोग समजून बसू नये. त्यामागे नायटा, सोरायसिस, थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, बंगालात नळविहिरींच्या पाण्यातून पोटात जाणारे आर्सेनिक, अशी निराळी कारणे असतात, आणि त्यांचे उपाय निराळे.

आता त्या बाईच्या शब्दाकडे येऊ. महारोग, म्हणजे कुष्ठरोग, हा एका जंतूचा रोग आहे; हान्सेनने तो जंतू १८७३ साली पाहिला. त्यात मज्जातंतू मरतात आणि संवेदना जाते. हातावर निखारा पडला तरी कळत नाही अशी अवस्था येते. आमच्या कपिलधारच्या गड्याच्या भेगेला नुसते बोट लागले तर तो विव्हळत होता. ज्याला दुखते त्याला महारोगी म्हणावयाचे, हा आमच्या लोकांचा न्याय. हा जन्माचा रोग स्पर्शाने, पाण्याने, एका ताटात जेवण्याने, कशानेही दुसऱ्यास होत नाही. होतो तो फक्त पोटच्या पोराला, आणि तेही दरवेळी नाही. आणखी एक सांगून टाकतो. कुष्ठरोगही आता औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि विवाहविषयक कायद्यांतून ‘कुष्ठरोग’ हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली काढून टाकण्यात आले आहे. तेव्हा हा महारोग नाही असे सांगताना आम्ही महारोग्यांना दूर लोटीत नाही. खुलासा करावा लागतो तो औषध निराळे म्हणून.

पोटच्या पोराला होतो म्हटले की आमच्या समाजात पुढचा प्रश्न ठरलेला : दोष कोणाचा? आणि उत्तरही ठरलेले : सुनेचा. हे उत्तर किती खोटे आहे ते नीट पाहिले पाहिजे.

यातले बरेचसे प्रकार असे आहेत की आई किंवा बाप यांपैकी एकाकडून चुकलेले जनुक आले तरी रोग होतो. अशा आईबापाच्या प्रत्येक मुलाच्या वेळी नाणे उडविल्यासारखे होते. छाप किंवा काटा. चारांपैकी दोघांना होणारच असा हिशेब नाही. चौघांनाही होईल, एकालाही होणार नाही. कधी कधी तर घराण्यात कोणालाच नसताना एखाद्या मुलात ते अक्षर नव्यानेच चुकते. तेथे तर कोणाचाच दोष नाही.

मेलेदाचा आणि दातगळीचा प्रकार निराळ्या रीतीने चालतो. तेथे एकच चुकलेले जनुक असेल तर माणूस धडधाकट असतो. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही आले तरच रोग होतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव चारात एक. म्हणजे मूल असे जन्मले तर देणे दोघांचे अगदी बरोबरीचे आहे, पै-पैने बरोबरीचे. सासूबाईंनी सुनेकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या लेकाकडेही दाखवावे. आणि दोघांकडे तेच अक्षर चुकलेले असण्याचा संभव कोठे वाढतो? जेथे नवराबायको एकाच आजा-आजीची नातवंडे असतात तेथे. मामाची मुलगी करण्याची आमच्याकडची चाल जुनी आहे. इरावतीबाई कर्व्यांनी भारतातील नातेसंबंधांवर १९५३ साली जो इंग्रजी ग्रंथ लिहिला त्यात तिचा विचार आहे. ही चाल का टिकली तेही आम्ही जाणतो. लेक ओळखीच्या घरी जाते, जमीन फुटत नाही, आत्या भाचीला उपाशी ठेवीत नाही. गरिबाच्या घरात ही कारणे पोकळ नसतात. म्हणून अशी लग्ने करणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे व्हावे असे आम्हास वाटत नाही. पण ज्या घरात एकदा असे मूल झाले आहे त्या घराने तरी पुढचे लग्न जुळविताना डॉक्टराला विचारून जुळवावे. पत्रिका पाहावयास आपण दोन गावे ओलांडून जातो.

उपचाराबद्दल थोडक्यात सांगतो. मुळावर घाव घालणारे औषध सर्वांच्या हाती आलेले नाही. परंतु हाल पुष्कळ कमी करता येतात. रोज कोमट पाण्यात हातपाय भिजवावे, मऊ झालेली जाडी हलक्या हाताने घासावी, युरिया किंवा सॅलिसिलिक आम्ल असलेले मलम चोळावे. वस्तऱ्याने किंवा कोयत्याने सोलू नये. आमचे लोक सोलतात, म्हणून सांगतो. जाड ओल्या कातडीत नायटा घर करतो, वास येतो. त्याचे औषध वेगळे घ्यावे लागते. फार त्रास असेल तर तोंडाने घेण्याच्या गोळ्या आहेत, पण त्या त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय नकोत. स्त्रियांनी तर फारच जपावे, कारण ॲसिट्रेटिन नावाची गोळी गर्भाला अपाय करते आणि ती बंद केल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. एवढे सगळे नीट केले तर माणूस काम करू शकतो, चालू शकतो. प्रश्न असा की उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत, पहाटे चारला उठून मोळ्या बांधणाऱ्याने कोमट पाणी कोठून आणावयाचे? कापलेल्या उसाचे बुडखे चपलेतून आरपार जातात. मऊ तळाचा बंद बूट आणि मलमाची नळी ही त्याची औजारे समजावी, कोयत्याइतकीच, असा आग्रह आता आम्ही मुकादमांशी बोलणी करताना धरतो. काही ऐकतात. काही हसतात.

आता शेवटचा भाग; आणि खरे म्हणजे याच्याचसाठी आम्ही हा विषय घेतला.

त्या गड्याने यात्रेत आम्हास जे विचारले त्याचे उत्तर आम्ही दिले. रोगाचे नाव सांगितले, महारोग नव्हे हे चार माणसांत मोठ्याने सांगितले, त्याचा पाय हातात धरून सांगितले. त्यास बरे वाटले असावे. पण तो म्हणाला, “भाऊ, ते झालं. पर माजा अंगठा येत न्हाई.”

शिधावाटप दुकानात यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो हे आपण जाणता. आपल्या बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच उमटतात आणि जन्मभर तशाच राहतात. या रोग्यांच्याही असतात. पण जाड थराखाली त्या पसरतात, फिकट होतात, त्यांवर भेगांच्या आडव्या रेघा पडतात. यंत्राला त्यांतून अर्थ लागत नाही. गावात दुकानदार ओळखीचा, तो वहीत लिहून, बायकोचा अंगठा घेऊन, काहीतरी करून धान्य देतो. पण हा माणूस पाच-सहा महिने गावात नसतोच. शिधापत्रिका कोठेही चालावी अशी योजना २०१९ च्या ऑगस्टात सुरू झाली, आणि पहिल्या राज्यांत आपला महाराष्ट्र होता. ऊसतोड्यांसाठी याहून चांगली योजना नाही, असे आम्ही त्या वेळी व्यासपीठावरून म्हटले होते. परमुलखात मात्र तोंडओळख नाही. तेथे अंगठा हीच ओळख. त्या वर्षी बायको बाळंतपणासाठी गावी राहिली, हा भावाचा जोडीदार होऊन फडात गेला, आणि सबंध हंगामात त्याला सरकारी धान्याचा दाणा मिळाला नाही.

या अंगठ्याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. हुगळीकाठच्या मुलखात विल्यम हर्शेल नावाचा एक इंग्रज अंमलदार होता. १८५८ साली त्याने रस्त्याची खडी पुरविणाऱ्या राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून करारनाम्याच्या पाठीवर शाईने सबंध हाताचा ठसा घेतला. ठेकेदाराने पुढे सही नाकारू नये म्हणून. पुढे १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. ठशांची वर्गवारी बसविण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी माणसांची मेहनत होती, नाव मात्र हेन्रीसाहेबाचे झाले. आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले. ठेकेदाराला बांधून घेण्यासाठी निघालेली युक्ती दीडशे वर्षांनी भुकेल्याला धान्य द्यावे की नाही हे ठरवू लागली.

त्या गड्याने आम्हास उचलीचा कागदही दाखविला. पन्नास हजारांची उचल. खाली शाईचा एक गोल काळा डाग, आणि शेजारी ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’. त्या डागात एकही रेषा नव्हती. मुकादमाला ती लागली नाही. घेणे वसूल करावयाचे असते तेव्हा बिनरेषांचा डाग चालतो, आणि पाच किलो धान्य द्यावयाचे असते तेव्हा यंत्र म्हणते की हा माणूस तो नव्हेच.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींच्या बहुमताने आधार कायदा मुख्यतः वैध ठरविला. पण ओळख पटली नाही एवढ्याच कारणाने कोणाला लाभ नाकारू नये हेही त्याच निकालात आहे. बोटे उमटत नसतील तर डोळ्यांच्या बुबुळांवरून नोंद करता येते. २०२३ च्या डिसेंबरात केरळातल्या, हाताला बोटे नसलेल्या एका स्त्रीचे प्रकरण पुढे आल्यावर केंद्र सरकारने हे पुन्हा स्पष्ट केले. मोबाइलवर येणाऱ्या आकड्यावरूनही ओळख पटविण्याची वाट आहे. हे सारे कागदावर आहे. आणि अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत. तळव्यांच्या या रोगाचे नाव त्यांत नाही. म्हणजे याचे हात कामाला अडतात, चालणे अडते, धान्य अडते, आणि कागदावर तो धडधाकट. आम्ही निवेदने दिली आहेत. निवेदने देणे हे आमचे कामच आहे.

पुढच्या हंगामात आम्ही त्याच्याबरोबर त्या परगावच्या दुकानात गेलो. दुकानदार माणूस वाईट नव्हता; तोही यंत्रापुढे हात टेकलेला. आम्ही त्याच्याकडून तपेलीभर ऊन पाणी मागून घेतले. गड्याने अर्धा तास हात बुडवून ठेवले, पुसले, तेलाचा थेंब चोळला. उजवा अंगठा आला नाही. डावा आला नाही. तर्जनी, मधले बोट, काही नाही. मागे रांग कुरकुरू लागली. एकेक करीत आठ बोटे झाली आणि उजव्या हाताच्या करंगळीला यंत्राने कौल दिला. करंगळीवर कोयत्याचा भार कमी पडतो, म्हणून तेथली कातडी थोडी उणी असावी. आता महिन्याच्या महिन्याला तो तेथे जातो तेव्हा दुकानदार दुरूनच म्हणतो, “या, करंगळीवाले.” हे नाव त्यास महारोग्यापेक्षा बरे वाटते.

पोर आता बारा वर्षांचे आहे. डॉक्टरांनी त्याचे केस, दात, कान पाहिले, हृदयाचा आलेख काढला. सर्व ठीक निघाले. ते रोज रात्री स्वतःच्या हाताने मलम लावते आणि बापाच्या पायांनाही लावते. शाळेत पेन धरावयास त्रास होतो म्हणून मास्तरांनी त्यास जाड बुंध्याचे पेन आणून दिले. लहान मुलांची बोटे आधारसाठी पाचव्या वर्षी आणि पंधराव्या वर्षी नव्याने घ्यावी लागतात. पाचव्या वर्षीची घ्यावयाची राहून गेली होती. पंधराव्याला अजून तीन वर्षे आहेत. बापाने ती तारीख आत्ताच विचारून ठेवली आहे, आणि त्या दिवशी आमच्याबरोबर चला असे त्याने आम्हास सांगून ठेवले आहे.